पितळ उघडं पडू नये म्हणून

सकाळी ५.४५

कालचा रविवार दाट मुहूर्ताचा होता. कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या तीन कार्यालयांत माझे भाड्याने दिलेले तीन नवरीचे सेट मिरवत होते, करवल्यांच्या ठुश्या आणि नथी वेगळ्याच. आज सोमवार, परतीचा दिवस. त्यातला एक सेट बुधवारी गडहिंग्लजला जायचाय. मुहूर्ताचा दिवस नवरीचा आणि त्यानंतरचा दिवस माझा, असं मे महिन्याचं आमचं गणित असतं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, तेच माझं दुकान. सहा वर्षांपूर्वी दोन नववारी आणि एका साजावर सुरुवात केली, आता सात पूर्ण सेट आहेत. सगळे सोन्याचं पाणी दिलेले. आत पितळ, वर सोन्याचा पातळ थर. बाजारात कुणी त्याला एक ग्रॅम सोनं म्हणतं, कुणी फॉर्मिंग, आणि साठी ओलांडलेल्या बायका अजून सरसकट बेन्टेक्स. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा आकडा गाठला आणि माझा फोन थांबेना. पूर्वी भाड्याने मागणारे दबक्या आवाजात बोलायचे, आता बिनदिक्कत दर विचारतात.

चहाला आधण येईपर्यंत टेबल मांडते. सासऱ्यांच्या जुन्या मलमली धोतराचे हातरुमालाएवढे तुकडे. प्लास्टिकचे दोन वाडगे, त्यांच्या तळाला टॉवेलची घडी, म्हणजे हातातून निसटलेली पाटली आपटत नाही. बाळाचा मऊ ब्रश, बाळाचाच शॅम्पू, कानात घालायच्या कापसाच्या काड्या. ही तयारी बघून नवीन माणसाला वाटावं, घरात बाळंतीण आहे. शेवटी माझ्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवते. दुसऱ्याचा दागिना हाताळताना आपलाच दागिना त्याला ओरखडा काढतो.

सकाळी ७.१५

पहिला डबा नवरीच्या मामांनी आणला, स्कूटरवर पायाशी ठेवून. "मोजून घ्या बघा ताई, नंतर कटकट नको." वही उघडली. साज, ठुशी, चिंचपेटी, मोहनमाळ, लक्ष्मीहार, नथ, झुमके, वेल, बुगड्या, बिंदी, बाजूबंद, पाटल्या, तोडे, कंबरपट्टा, अंबाड्याचं फूल. जोडी असली तरी नग एकच धरायचा, असे पंधरा. झुमक्याची एक फिरकी गायब होती. ती प्रत्येक लग्नात एक तरी गायब होते, म्हणून सुट्या फिरक्यांची डबीच ठेवली आहे. डिपॉझिट परत दिलं, मामा गेले.

डबा पुन्हा उघडला तेव्हा मोगऱ्याचा वास आला आणि पोटात गोळा आला. अंबाड्याच्या फुलाला गुंडाळलेला गजरा कुणी सोडवलाच नव्हता. ओल्या गजऱ्यात रात्रभर बंद डब्यात पडलेल्या त्या फुलाच्या दोन पाकळ्यांवर मोहरीएवढे हिरवट ठिपके उठले होते.

सोनं हिरवं होत नाही, काळंही पडत नाही. तक्रार असते ती खालच्या पितळेची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वरचा सोन्याचा थर इतका विरळ असतो की त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. ओल, मीठ, आंबट असं काहीही त्यातून खाली झिरपलं की तांब्याचा कळंक वर येतो. घामेजल्या बोटावर अंगठीचा हिरवा वळ उठतो तोही याच जातीचा. साबणाने बोट धुतलं की जातो. मात्र कानाच्या पाळीला खाज सुटली, पुरळ उठलं, तर ते प्रकरण निराळं. सोन्याच्या थराखाली बहुधा निकेलचा थर दिलेला असतो आणि निकेल कित्येकींना सोसत नाही. अशा बाईला मी पाणी उडालेले झुमके देतच नाही.

गजरा सोडवला. ठिपक्यांवर ओलसर काडी हलकेच फिरवली. एक गेला, दुसऱ्याची सावली राहिली. ती राहू दिली. सावली घालवायला गेलं की सोनं जातं.

सकाळी ८.३०

बाकीचे दोन्ही डबे आठच्या सुमारास आले, एकाची मोजणी अजून राहिलीय. आता पाण्याला हात न लावता फक्त कोरडं पुसायचं. बहुतेक सफाई खरं तर इथंच होते.

मेमधलं लग्न म्हणजे अंगावर नऊवार, समोर होमाचा धूर, आणि गळ्यात पाच पदर. नवरीच्या गळ्याचा सगळा घाम ठुशी आणि चिंचपेटी पिते. घामात मीठ आहे, आम्लाचा अंश आहे. त्यावर पावडर, फाउंडेशन, केसांचा स्प्रे आणि निघताना करवलीने मारलेलं अत्तर. हे सगळं सुकून दागिन्यावर एक चिकट साय धरते. ताजी असताना ती मलमलीला सहज येते, आठवडा गेला की हटत नाही.

पुसायचीही रीत आहे. कापड बोटाला गुंडाळायचं, एकाच दिशेने न्यायचं, दोन वेळा फिरवलं की कोरी बाजू वर घ्यायची. मागे-पुढे चोळलं की कापडात आलेला धुळीचा कण सँडपेपरचं काम करतो. कागदी रुमाल नको, त्याचे तंतू खरबरीत असतात, आणि ते खड्याच्या दातात अडकून बसतात.

ठुशीला मी पाणी कधीच लावत नाही. तिचे मणी दोऱ्यात दाटीवाटीने गाठवलेले, मागे गोंडा. एकदा दोरा भिजला की मण्यांच्या आत दोन दिवस ओल राहते आणि ठुशी आतून बाहेर काळवंडत येते. गोंडा मळला तर पटवेकऱ्याकडून बदलून घ्यायचा. दोऱ्यापेक्षा ठुशी महाग.

सकाळी ९.४०

तिसऱ्या सेटच्या मोजणीला नवरीची आत्या आली. हसतमुख बाई, पिशवीतून लाडूचा पुडा काढून माझ्या हातात ठेवला, आणि मग या धंद्यात मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ते वाक्य बोलली.

"ताई, आम्ही सगळं स्वच्छ करूनच आणलंय."

पाटल्या काढल्या. चकाकत होत्या, नको इतक्या. कडेला, जिथे नक्षी उंच येते तिथे, पिवळ्याचा रंग बदलून फिकट लिंबासारखा झाला होता. पितळ उघडं पडलं होतं. आपल्या भाषेत माणसाबद्दल वापरतात तो वाक्प्रचार माझ्या टेबलावर महिन्यातून एकदा तरी खरा होतो.

"टूथपेस्ट लावून ब्रशनं घासलं की. घरात सगळ्यांच्या पाटल्या आम्ही अशाच करतो." त्यांच्या घरच्या पाटल्या खऱ्या असतील, त्यांना ते काही काळ खपत असेल. टूथपेस्टमध्ये दातावरचं किटण काढायला बारीक खरखरीत पूड घातलेली असते. तिचे कण काही मायक्रॉनांचे, आणि माझ्या पाटलीवरचा सोन्याचा थर एका मायक्रॉनचाही नाही.

मायक्रॉन हा शब्द आमच्या घरात ह्यांच्यामुळे आला. हे शिरोलीच्या एमआयडीसीत मशीनशॉपला आहेत. त्यांचं सगळं आयुष्य मायक्रोमीटरवर चालतं. एकदा रात्री त्यांनी माझाच केस मोजून दाखवला, सत्तर मायक्रॉन भरला. मग वहीच्या मागे हिशेब मांडला. सोन्याच्या एका घनसेंटिमीटरचं वजन १९.३ ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम सोनं अर्ध्या मायक्रॉनच्या जाडीने पसरलं तर हजार चौरस सेंटिमीटरहून जास्त जागा झाकतं, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानापेक्षा थोडी मोठीच. केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ असा तो पापुद्रा. 'एक ग्रॅम'च्या दागिन्यात मोजून ग्रॅमभर सोनं असतंच असं नाही, हेही त्या रात्री समजलं. आणि कुठल्याही ब्रशची मला धास्ती का वाटावी, तेही.

आत्यांना पाटलीची कड दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कष्ट घेतले होते, आळस केला नव्हता, म्हणून रागावता येईना. पुन्हा पाणी चढवायचे निम्मे पैसे डिपॉझिटमधून घेतले, निम्मे माझे. करार करताना "परत देताना धुऊ नका" असं मी तोंडी सांगते. चूक माझीही होती, कागदावर लिहून दिलं नव्हतं.

सकाळी ११.००

आता ओलं काम. ते फक्त निव्वळ धातूच्या नगांना. पाटल्या, तोडे, वाक्या. खडा चिकटवलेला, मोती ओवलेला, दोऱ्यात गाठवलेला नग वाडग्यात जात नाही.

पाणी कोमट, बाळाच्या अंघोळीपेक्षाही निवत आलेलं. त्यात शॅम्पूचे दोन-तीन थेंब. भांड्यांचा लिंबाच्या वासाचा साबण मी टाळते. एका वेळी एकच नग, बुडवून अर्धं मिनिट, नक्षीच्या खाचांतून मऊ ब्रश ओझरता, दुसऱ्या वाडग्यात विसळणं, आणि लगेच टॉवेलवर. दुसऱ्या वाडग्यातलं पाणी फिल्टरचं असतं. बोअरच्या पाण्याने विसळलं की सुकल्यावर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात, ते काढायला पुन्हा चोळणं आलं. भिजत घालून स्वयंपाकाला निघून जायचं, हे या दागिन्यांना चालत नाही.

साजाचं काम बसून करायचं. पानड्यांवर दशावतार असतात. त्यातल्या माशाकडे एकदा भिंग धरून बघा. नखाएवढ्या जागेत खवले कोरलेले, आणि खवल्याखवल्यात कालच्या नवरीचं फाउंडेशन दह्यासारखं साचलेलं. दात कोरायच्या काडीच्या टोकाला कापसाचे चार तंतू गुंडाळते, पाण्याला नुसतं टेकवते, आणि शेपटीकडून डोक्याकडे जाते. काडी उघडी लागली तर रेघ पडते. एका माशाला पाच मिनिटं लागतात. मग कासव, वराह. जवमणी त्यापुढे सोपे.

नथीवर लिपस्टिक दर वेळी असते, लग्नात नवरीला नथ सांभाळत जेवायची सवय कुठून असणार? नथीतले मोती काचेच्या मण्यांवर चकचकीत लेप दिलेले. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं औषध, यातलं काहीही लागलं की लेप सुटून मणी बोडका होतो. खऱ्या मोत्याचंही दुखणं असंच, त्याला आंबट सोसत नाही. दोघांनाही ओलसर कापूस आणि पाठोपाठ कोरडा, एवढंच पुरतं.

दुपारी १.१५

जेवायला भाकरी, पिठलं आणि कैरीचा तक्कू. सासूबाई सकाळपासून माझं टेबल बघत होत्या. त्यांच्या स्वतःच्या पाटल्या खऱ्या सोन्याच्या, दर दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात टाकून काढतात. त्यांचा प्रश्न वकिली होता.

"सोनं म्हणावं तर रिठ्यात टाकू देत न्हाईस. पितळ म्हणावं तर चिंच लावू देत न्हाईस. मग हाय तरी काय ते?"

सुरुवातीला मलाही हे कळत नव्हतं. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी माझ्या पहिल्या साजाला भांडी उजळायची पूड लावली होती. आईच्या घरी दर शनिवारी समई, घंगाळ, तांब्या लख्ख करायचे, घासल्याशिवाय स्वच्छ झालं असं हाताला पटायचंच नाही. ती पूड तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीच केलेली, तिने आपलं काम चोख केलं. माझ्या दागिन्यातलं पितळ तिने शोधून काढून उजळलं. पाच मिनिटांत साज देवघरातल्या घंटेच्या रंगाचा झाला.

सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमच्या पितळी पातेल्यात कैरीची आमटी करायचात का?"

"कल्हईशिवाय? कळकंल की."

"मग ही सोन्याची कल्हई समजा."

त्यांचा घास हातातच राहिला, मग मान हलली. आंबट पितळेला लागू नये म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा, हे त्यांनी साठ वर्षं पाहिलेलं. कल्हईचं पातेलं काथ्याने खरवडायचं नाही, हेही त्यांना सांगावं लागत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, खायचा सोडा, राख, टूथपेस्ट या सगळ्यांची बंदी त्या एका शब्दात बसली. मला सहा वर्षांत ग्राहकांना इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

दुपारी २.३०

ऊन मी म्हणत असताना पाटल्या घेऊन गुजरीत गेले. बारावीला गेलेली लेक बरोबर, सुट्टी आहे आणि पुस्तकातलं विद्युत विलेपन तिला प्रत्यक्ष बघायचं होतं.

अंबाबाईच्या देवळाजवळची ही सराफांची गल्ली. दर्शनी दुकानांत खरं सोनं, आणि आतल्या बोळात माडीवर पाणी चढवणारे कारागीर. आमचे दादा बंगालहून येऊन इथे स्थिरावलेले, मराठी बोलतात ते अस्सल कोल्हापुरी. पाटली हातात घेऊन कड उन्हाला धरली. "टूथपेस्ट काय?" मी नुसती मान डोलावली.

आधी जुना मळ आणि चरे बफवर काढतात. मग धुऊन, तांब्याच्या तारेला अडकवून निकेलच्या द्रावणात, पुन्हा धुऊन सोन्याच्या द्रावणात. दागिना विजेच्या ऋण टोकाला, त्यामुळे द्रावणातलं सोनं त्याच्याकडे ओढलं जातं. व्होल्ट जेमतेम टॉर्चच्या सेलएवढे, वेळ काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत. जेवढा वेळ, तेवढा थर, तेवढे पैसे. लेक म्हणाली, "कॅथोड." दादा म्हणाले, "आम्ही मायनस म्हणतो."

ही रीत दोनशे वर्षांहून जुनी. १८०५ साली इटलीतल्या ब्रुग्नातेल्ली नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने व्होल्टाच्या बॅटरीवर चांदीच्या पदकांना असंच सोनं चढवलं, आणि १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी सायनाइडच्या द्रावणाचं पेटंट घेतल्यावर त्याचा कारखानदारी धंदा झाला. त्याआधी सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि पारा तापवून उडवायचा, म्हणजे कारागिराच्या छातीत जायचा. आजही सोन्याच्या द्रावणात बहुधा सायनाइडचा क्षार असतो. म्हणून घरच्या घरी पाणी चढवायच्या भानगडीत पडू नये, ते काम खिडकी, पंखा आणि हातमोजे असलेल्या माडीवरच शोभतं.

परतताना देवळाच्या शिखराला हात जोडले. नवरात्राआधी अंबाबाईच्या दागिन्यांचीही सफाई होते, पण ते सोनं आतबाहेर सोनंच. माझ्या पाटल्या शुक्रवारी मिळतील.

दुपारी ४.४५

धुतलेले तोडे, वाक्या, कंबरपट्टा गॅलरीत सावलीला कापडावर पसरले होते. ऊन चालत नाही, चिकटवलेले खडे सैल होतात, लेपाचे मोती पिवळे पडतात. खऱ्या सोन्याच्या साजात किंवा बोरमाळेत पोटाला लाख असते, तिला तर ऊन आणि गरम पाणी दोन्ही वर्ज्य.

आभाळ पन्हाळ्याच्या बाजूने काळं होत आलं आणि दहा मिनिटांत वळीव. मातीचा वास आधी आला, मग पत्र्यावर टपोरे थेंब. मी आणि लेक कापडाची चारी टोकं धरून आत पळालो. पंखा लावला आणि दिवे गेले.

पुढचा अर्धा तास आमच्या पुढच्या खोलीत जे दृश्य होतं ते कुणी पाहिलं नाही हे बरं. सासूबाई ताडाच्या पंख्याने कंबरपट्ट्याला वारा घालताहेत, लेक वहीच्या पुठ्ठ्याने तोड्यांना, आणि मी बाजूबंदाच्या बिजागरीत मलमलीचं पिळलेलं टोक खुपसून पाणी शोषून घेतेय. दागिना वरून कोरडा दिसतो तेव्हा पाणी सांध्यांत असतं. बिजागरी, फिरकीचे आटे, आकड्याचा वळसा, कड्यांची जोडणी. काळं पडायला सुरुवात तिथूनच. वीज असती तर केस वाळवायच्या ड्रायरचा गार वारा दिला असता.

संध्याकाळी ६.३०

डोंबिवलीच्या बहिणीचा फोन. तिचं मंगळसूत्र खरं आहे, पण ते बँकेच्या लॉकरमध्ये. लोकलच्या गर्दीत आणि सकाळी फिरायला जाताना गळ्यात पाणी दिलेलं असतं, आपल्याकडे निम्म्या ओळखीच्या बायकांचं हेच. "चार महिन्यांत वाट्या पांढऱ्या पडल्या गं, फसवलं त्यानं."

फसवलं असेल किंवा नसेल. मी विचारलं, अंघोळीला काढतेस का? नाही. झोपताना? नाही. वाट्या पदराला आणि पंजाबी ड्रेसला दिवसभर घासतात, त्यावर रोज साबण, रात्री घाम. भाड्याचा साज वर्षातून वीस दिवस बाहेर पडतो, तिचं मंगळसूत्र ३६५ दिवस कामावर. तिला सांगितलं, अंघोळ, झोप आणि भांडी, या तीन वेळा गळ्यातून काढ. अत्तर-पावडर आधी, मंगळसूत्र शेवटी. उतरवताना सगळ्यांत पहिलं तेच. आणि दर वर्षी मणी गाठवायला देशील तेव्हा वाट्यांना पाणी चढवून घे, तेवढा खर्च धरूनच चाल. तिने आणखी एक विचारलं, वाट्यांना पाठीमागून पारदर्शक नेलपॉलिश लावू का? लाव, पण ते सुटतं तेव्हा खपलीसारखं सुटतं. नव्या थराची सर त्याला नाही.

खऱ्या-खोट्याची शंका असेल तर चोळून बघायची गरज नाही, हेही तिला सांगितलं. १ एप्रिल २०२३ पासून खऱ्या सोन्याचा हॉलमार्क दागिना सहा अक्षरी-अंकी क्रमांकाशिवाय विकता येत नाही. ज्यावर तो शिक्का नाही आणि दुकानदार नुसतंच 'सोन्यासारखं' म्हणतो, त्याची निगा कल्हईसारखी.

रात्री ८.३०

बुधवारचा सेट बांधायला घेतला. प्रत्येक नग वेगळ्या मलमलीत, मग झिपच्या पिशवीत, हवा दाबून बाहेर काढून. पिशवीत सिलिका जेलची एक पुडी. ती नसेल तेव्हा खडूचा तुकडाही थोडी ओल ओढतो. दोन नग एका पिशवीत घातले तर प्रवासात एकमेकांना चरे पाडतात. पिशवीला रबरबँड लावत नाही. रबरात गंधक असतं आणि गंधक तांब्याला काळं करतं. हे शिकायला माझी एक मोहनमाळ खर्ची पडली होती, रबरबँड बसला होता तिथेच तिला काळा पट्टा आला होता. वर्तमानपत्रात गुंडाळणंही तेव्हापासून बंद.

पंधरा दिवसांत मृग लागेल. पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या कप्प्याला ओल येते, म्हणून दागिने वरच्या कप्प्यात, स्वयंपाकघराच्या वाफेपासून आणि न्हाणीघराच्या भिंतीपासून लांब. जूनमध्ये मुहूर्त उरकले की महिन्यातून एकदा सगळं उघडून बघायचं, श्रावणात मंगळागौरीच्या खेळांची मंडळी यायच्या आत.

आज पहिल्यांदाच डब्याच्या झाकणात आतून एक चिठ्ठी चिकटवली. लेकीने सुवाच्य अक्षरात लिहिली. "गजरा वेगळा ठेवा. दागिने उतरवल्यावर त्याच रात्री मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसा. पाणी, लिंबू, टूथपेस्ट काहीही लावू नका. मळ राहिला तर राहू द्या, तो आम्ही काढू."

रात्री १०.००

वही मिटताना हिशेब असा. तीन सेट परत, एक फिरकी कमी, एका फुलावर सावली, एक पाटल्यांची जोडी गुजरीत, आणि लाडू चांगले होते.

कालच्या एका लग्नाला मलाही बोलावणं होतं. पंगतीत शेजारच्या बाईंनी नवरीकडे बघत विचारलं, "खरे असतील का हो?" साज माझ्याच कपाटातला होता, त्याच्या माशाचे खवलेही मला पाठ. मी म्हटलं, "शोभतायत पण किती!" कुणाच्या घरात सोनं किती, हे पितळही आपल्या हातून उघडं पडू नये.

तुमच्या कपाटातही असा एखादा हार असेल, मागच्या लग्नापासून मखमली डबीत तसाच. तो आज काढा आणि मऊ कापडाने नुसता पुसा. घासायचा मोह झाला तर हात मागे घ्या. केसाच्या शंभराव्या भागाएवढं सोनं आहे ते, गेलं की गुजरीच्या माडीशिवाय परत येत नाही.